ब्रेक ऑइल गेलं कुठं?

ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं थोडंथोडं जळत नाही की पेट्रोलसारखं खर्च होत नाही. ते बंद नळ्यांमध्ये असतं आणि तिथंच राहतं. त्यामुळे बॉनेटखालच्या त्या पांढुरक्या डबीतली पातळी खाली आली, तर कारणं दोनच असतात. एक तर चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला धरणारे पॅड आणि ड्रमला धरणारे लायनर झिजलेत, त्यांना ढकलणारे पिस्टन तेवढे बाहेर आलेत आणि त्यांच्या मागं झालेली जागा ऑइलनं भरलीय. नाहीतर ते कुठूनतरी बाहेर पडतंय. पहिलं कारण निरुपद्रवी, दुसरं जीवावरचं, आणि डबीत डोकावून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. यंदा पावसाळा संपता संपता मला हा शोध घ्यावा लागला. ज्यांची गाडी माझ्या गाडीसारखी दहा-बारा वर्षांची झालीय, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी कळ्याच्या पुढं एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. घर कोल्हापूरच्या फुलेवाडीत. रोजचा रस्ता बालिंगा, कोपार्डे, कळे असा, गगनबावड्याकडं जाणारा. जून ते सप्टेंबर हा रस्ता वाळत म्हणून नाही, आणि दिवाळीनंतर कुंभी-कासारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर पुढं असतात. ते कधी थांबतील, कधी वळतील याचा नेम नसतो. अंधारात तर ट्रॉलीचा मागचा दिवाही दिसत नाही. अशा रस्त्यावर ब्रेकवर पूर्ण भरवसा लागतो. गाडी २०१२ ची, साधी पेट्रोल हॅचबॅक. पुढं डिस्क, मागं ड्रम, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नाही.

वळण घेताना डॅशबोर्डवरचा लाल दिवा क्षणभर लागायचा आणि गाडी सरळ झाली की विझायचा. हा दिवा हँडब्रेकचा म्हणून आपण ओळखतो, पण बहुतेक गाड्यांत तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचंही सांगतो. डबीत एक फ्लोट तरंगत असतो. पातळी अगदी खालच्या रेघेशी आली की वळणावर ऑइल एका बाजूला झुकतं, फ्लोट खाली बसतो आणि दिवा लागतो. म्हणजे वळणावर लुकलुकणारा दिवा हा वायरिंगचा दोष समजून सोडून देण्यासारखा नाही.

नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या ठिकाणी दाखवलं. त्यांनी बॉनेट उघडलं, डबी वरपर्यंत भरली आणि “पॅड झिजले असतील, आता काही प्रॉब्लेम नाही” म्हणून गाडी परत दिली. चाक एकही काढलं नाही. त्यांचं म्हणणं खरंही असू शकत होतं, पण पॅड न बघता ते ठरवायचं कसं? पंक्चरच्या दुकानात टायर अदलाबदल करायचेच होते, तेव्हा पुढची दोन्ही चाकं निघाल्यावर मी स्वतः वाकून पॅड बघितले. निम्म्याहून जास्त शिल्लक होते. एवढ्याशा झिजेनं पातळी वरच्या रेघेवरून खालच्या रेघेवर येत नाही.

मग डबीवर पातळीच्या जागी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला. रोज सकाळी, इंजिन गार असताना, गाडी अंगणातल्या त्याच सपाट फरशीवर उभी असताना बघायचं. उतारावर बघितलं तर पातळी चुकीची दिसते. आठवडा उलटायच्या आत ऑइल पट्टीच्या स्पष्ट खाली गेलं होतं. पॅड इतक्या झपाट्यानं झिजत नाहीत. म्हणजे गळतीच.

गळती शोधायची तर वरून खाली, कोरड्या ठिकाणापासून ओल्या ठिकाणाकडं जायचं. डबीच्या खालीच पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर असतो, आणि तो पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरच्या गोल काळ्या डब्यावर बसवलेला असतो. ब्रेक ऑइल रंग खातं. मास्टरच्या मागच्या सीलमधून ते झिरपत असेल, तर बूस्टरचा रंग फुगून पोपडे धरतो. माझ्या गाडीचा रंग जिथल्या तिथं होता. मास्टरमधून निघणाऱ्या नळ्यांच्या नटांवर टिश्यू पेपर गुंडाळून दाबला, तो कोरडा निघाला. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचलून पेडलच्या दांड्यापर्यंत हात घातला, तिथंही काही नाही. काही गाड्यांत क्लचही ऑइलवर चालतो आणि त्याच डबीतून ऑइल घेतो, त्यामुळे तिथली गळतीसुद्धा ब्रेकची डबी रिकामी करते. माझ्या गाडीचा क्लच केबलचा, त्यामुळे ती शंका मिटली.

राहिली चाकं. पावसाळ्यातल्या तांबड्या चिखलानं गाडीची खालची बाजू अशी लिंपलेली असते की ओल कशाची ते ओळखूच येत नाही. म्हणून रविवारी पाइप लावून चारही चाकं आतल्या बाजूनं धुतली, दुपारभर वाळू दिली आणि मग जुने पेपर चारही चाकांखाली आतल्या बाजूला सरकवले. गाडी उभी असतानाच बराच वेळ थांबून थांबून ब्रेक दाबला. दाबाशिवाय बारीक गळती बाहेर येतेच असं नाही. सोमवारी सकाळी मागच्या डाव्या चाकाखालच्या पेपरवर रुपयाएवढा डाग होता, आणि टायरच्या आतल्या अंगावर ड्रमच्या खालच्या कडेपासून एक ओला, चकाकणारा ओघळ.

पण ओघळ ब्रेक ऑइलचाच कशावरून? चाकापाशी ग्रीस असतं, शॉकअबसॉर्बर फुटला तर त्याचंही तेल गळतं. इथं एक सोपी परीक्षा आहे, माझ्या नववीच्या मुलांनाही मी ती नंतर करून दाखवली. वाटीत पाणी घेतलं, कापसानं ओघळ टिपून पाण्यात पिळला. तेल किंवा ग्रीस असतं तर वर तवंग आला असता. हे पाण्यात सरळ विरघळून गेलं. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण नेहमीच्या गाड्यांतलं डॉट ३, डॉट ४ हे ग्लायकॉल जातीचं द्रव असतं आणि पाण्याशी त्याचं चांगलं जमतं. बोटांना बुळबुळीत लागतं आणि त्याला एक उग्र, जरा माशाच्या अंगानं जाणारा वास असतो. बोट लगेच साबणानं धुवावं. डोळ्याला लागू देऊ नये.

हे कळल्यावर गाडी जागेवरच ठेवली आणि शाळेला एसटीनं जायला लागले. घरच्यांचं म्हणणं, ब्रेक तर लागतोय, गॅरेज आहेत त्या उद्यमनगरपर्यंत हळूहळू ने. ब्रेक लागत होता हे खरं, आणि तो का लागत होता ते समजून घेण्यासारखं आहे. द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडं सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकतो. त्याचीच दुसरी बाजू अशी, की नळीला एका ठिकाणी वाट मिळाली तर सगळीकडचाच दाब जातो. एका नळीची गाडी असती तर एका चाकापाशी ती फुटल्यावर चारही चाकांचा ब्रेक गेला असता. म्हणून मास्टर सिलिंडरमध्ये एकामागं एक दोन पिस्टन असतात, डबीतही खाली आडवा पडदा असतो आणि चाकं दोन जोड्यांत वाटलेली असतात. पुढच्या चाकांना इंजिनची ताकद असणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ही वाटणी तिरकी असते: मागचं डावं आणि पुढचं उजवं एका जोडीत, उरलेली दोन दुसऱ्या जोडीत. माझ्या मागच्या डाव्या चाकातली गळती अचानक वाढली असती, तर त्याच्याबरोबर पुढच्या उजव्या चाकाचाही ब्रेक गेला असता. पेडल खोल गेलं असतं, निम्मा ब्रेक उरला असता आणि गाडी डावीकडं ओढली असती. उसाच्या ट्रॉलीमागं निम्म्या ब्रेकनं थांबायचं मला धाडस नव्हतं.

शाळेतल्या एका सरांनी शिवाजी उद्यमनगरातल्या मेस्त्रींचा नंबर दिला. उद्यमनगर म्हणजे लेथ, वेल्डिंग, ओतकाम, गॅरेज यांची एकाला एक लागून असलेली वस्ती. एखादा पार्ट बाजारात मिळाला नाही तर इथं तो करून मिळतो, ही कोल्हापूरची जुनी मिजास आहे आणि ती खरी आहे. मेस्त्रींना फोनवर सगळं सांगितलं. मी विचारलं, टोचन करून आणू का? ते म्हणाले, “टोचन नको मॅडम. दोरीवर मागच्या गाडीला ब्रेक पुढच्यापेक्षा जास्त लागतोय. आमच्या ओळखीची क्रेन हाय, पुढची चाकं उचलून आणतंय ते. चालवून तर बिलकूल आणू नका.” त्या एका वाक्यावर मला हा माणूस पटला.

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर उचलून घोडीवर ठेवली. नुसत्या जॅकवर मेस्त्री कुणाला गाडीखाली हात घालू देत नाहीत. मागचं डावं चाक निघालं, पण ड्रम हलेना. बरीच वर्षं न उघडलेला ड्रम आतल्या कडेला गंजानं धार धरतो आणि लायनर त्या धारेत अडकतात. हँडब्रेक सोडून, मागच्या बाजूनं लायनर सैल करून, लाकडाच्या ठोकळ्यावरून हातोडीचे ठोके देत देत ड्रम निघाला. आतलं चित्र बघून मला पेपरवरचा डाग फारच छोटा वाटला. खालचा निम्मा लायनर काळा, भिजलेला. ब्रेकची धूळ आणि ऑइल मिळून चिकट लगदा झालेला.

पोरगा एअरची नळी घेऊन आला तसं मेस्त्रींनी त्याला थांबवलं. ब्रेकची धूळ हवेनं उडवायची नाही, ती छातीत जाते. साबणाच्या पाण्यानं ओली करून पुसून घेतली. मग व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट पेचकसानं अलगद उचललं. आतून ऑइल धारेनं खाली आलं.

“हितनं हाय बघा. बकेट गेलं,” मेस्त्री म्हणाले.

व्हील सिलिंडर म्हणजे बोटभर लांबीची एक आडवी पोकळ नळी. दोन बाजूंना दोन पिस्टन, प्रत्येकाला आत वाटीच्या आकाराचं रबर. त्या रबराला गॅरेजची भाषा बकेट म्हणते. ब्रेक दाबला की ऑइल पिस्टनना बाहेर ढकलतं आणि ते लायनरना ड्रमवर दाबतात. बकेटची कड झिजली की ऑइल तिला ओलांडून बुटात जमतं, आणि बूट भरलं की बाहेर येतं. बूट ओलसर असणं वेगळं आणि भरलेलं असणं वेगळं. किंचित ओल बऱ्याच जुन्या गाड्यांत दिसते. धार म्हणजे मात्र काम संपलं.

इथं निर्णय घ्यायचा होता. बकेटचं किट घालायचं की पूर्ण सिलिंडर बदलायचा? किट स्वस्त पडतं. मेस्त्रींनी सिलिंडर सोडवून आतून पुसला आणि उजेडात धरून मला दाखवला. आतल्या भिंतीवर, खालच्या अंगाला, काळे बारीक खड्डे. हे खड्डे पाण्याचे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, ते पाणी सगळ्यात खालच्या जागी गंज धरतं आणि अशा खरबरीत भिंतीवर नवं बकेट काही महिन्यांत कापलं जातं. “किट घालतो म्हटलं तर घालतो मी, पण मग पुढच्या पावसाळ्यात हितंच भेट आपली,” ते म्हणाले. नवा सिलिंडर घ्यायचं ठरलं, आणि दोन्ही बाजूंना. उजवा अजून गळत नव्हता, पण त्याचं वय तेच, ऑइल तेच. उघडून बघितल्यावर त्याच्या भिंतीवरही तेच डाग निघाले.

लायनरबद्दल मात्र चर्चेला जागा नाही. ऑइल प्यायलेला लायनर पॉलिश पेपरनं घासून, पेट्रोलनं धुऊन परत बसवणारे आहेत. वरून तो कोरडा दिसतो, पण तापला की आत मुरलेलं ऑइल पुन्हा वर येतं. मग ते चाक कधी घसरतं, कधी एकदम धरतं. लायनर जोडीनं, दोन्ही चाकांचे बदलायचे. एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना ठेवला तर दोन चाकं सारखी धरत नाहीत. आणि पेट्रोल, रॉकेल, डिझेल हे ब्रेकच्या रबराजवळ आणायचंच नाही. खनिज तेलानं ही रबरं फुगतात. त्याच कारणानं डबीत चुकूनही इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल पडता कामा नये. पडलं तर मास्टरपासून चाकापर्यंत सगळी रबरं बदलावी लागतात. मेस्त्री नवी बकेट बसवण्याआधी ताज्या ब्रेक ऑइलमध्येच बुडवतात.

खरी अडचण पुढं आली. सिलिंडरच्या मागं येणाऱ्या लोखंडी नळीचा नट गंजून नळीलाच चिकटला होता. साधा पाना लावला तर असल्या नटाचे कोपरे गोल होतात, म्हणून या कामाला खास पाना असतो, नळीवरून आत घालता येईल एवढी फट ठेवलेला आणि नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा. तो लावला, गंज सोडवायचा स्प्रे मारला, चहा होईपर्यंत थांबलो. नट फिरला, पण नळीही त्याच्याबरोबर पिळली गेली आणि तुटली. मेस्त्री शांत होते. म्हणाले, “बरं झालं हितं तुटली. घाटात तुटायपेक्षा हितं तुटलेली चांगली.” खाली वाकून त्यांनी नळीचा पुढचा भागही दाखवला. जिथं ती क्लिपमध्ये बसते तिथं चिखल साचून राहतो आणि आतून गंज चढतो. नखानं खरवडल्यावर पापुद्रे निघत होते.

मग ती नळी नवी करून घेतली. त्याच गल्लीत ब्रेकच्या नळ्या करून देणारा एक कारागीर आहे. जुनी नळी त्याच्यापुढं ठेवली, त्यानं त्याच मापाची स्टीलची नळी कापली, तशीच वाकवली आणि दोन्ही टोकांना डबल फ्लेअर मारले. म्हणजे नळीचं तोंड नुसतं फाकवायचं नाही, ते आत दुमडून दुहेरी करायचं, म्हणजे दाबाखाली फाटत नाही. नट आधी नळीत ओवायचे आणि मगच फ्लेअर मारायचे, हे तो मला मोठ्या आवाजात, मशिनवरून नजर न काढता समजावत होता. फ्रिजला वापरतात ती साधी तांब्याची नळी कुणी स्वस्तात घालून देतो म्हटलं तर नको म्हणावं. साधं तांबं कंपनानं कडक होऊन तडकतं. तांबं-निकेल मिश्रणाची ब्रेकसाठीच केलेली नळी ही वेगळी वस्तू आहे, ती चालते आणि गंजतही नाही. रबरी होज पाइप चारही वाकवून बघितले. भेगा नव्हत्या, तेवढे वाचले.

संध्याकाळ होत आली तेव्हा हवा काढायला घेतली. नळी उघडली की हवा आत जातेच, आणि हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, त्यामुळे नळीत हवा असेल तर पेडल स्पंजसारखं लागतं. पोरगा दुसऱ्या गाडीवर होता, म्हणून पेडलवर मी बसले. मेस्त्री चाकापाशी. चाकाच्या मागं हवा सोडायला असलेल्या निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं.

“दाबा.”

“दाबलं.”

“धरून ठेवा.” निप्पल सुटतो, पाय खाली जातो. “सोडू नका, सोडू नका. आता सोडा.”

निप्पल बंद झाल्याशिवाय पाय उचलला तर हवा उलटी आत येते, म्हणून हा संवाद मुकाट्यानं पाळायचा असतो. पेडलच्या खाली मेस्त्रींनी लाकडाचा एक ठोकळा ठेवला होता. मी विचारलं तेव्हा कळलं, की रोजच्या वापरात पेडल कधीच तळापर्यंत जात नाही, त्यामुळे मास्टर सिलिंडरचा पुढचा भाग वर्षानुवर्षं न घासलेला, साका धरलेला असतो. हवा काढताना पेडल तळाला टेकवलं की मास्टरमधली बकेट त्या खरबरीत भागात शिरतात आणि फाटतात. चांगला चालणारा मास्टर दुरुस्तीच्या दिवशीच जातो, तो यामुळं. चाकांचा क्रम त्यांनी जोडीप्रमाणं घेतला: आधी मागचं डावं, मग त्याच जोडीतलं पुढचं उजवं, मग मागचं उजवं आणि पुढचं डावं. प्रत्येक गाडीचा क्रम तिच्या पुस्तकात दिलेला असतो, तोच पाळावा. एबीएसच्या काही गाड्यांत आतल्या युनिटमधली हवा काढायला स्कॅनर लागतो. आणि मधूनमधून डबीत ऑइल टाकत राहायचं; डबी रिकामी झाली की वरून हवा शिरते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

बाटलीत जे आलं ते काळ्या चहाच्या रंगाचं होतं. नवं ऑइल फिकट पिवळं असतं. चारही चाकांतून फिकट येईपर्यंत बदललं.

इथं काम संपायला हवं होतं. इंजिन बंद ठेवून पेडल दाबलं, कडक. मेस्त्री मात्र म्हणाले, “आता नुसतं हलक्या पायानं दाबून धरा. मिनिटभर.” मी धरलं. पेडल हळूहळू, कळेल न कळेल असं, खाली जायला लागलं. चारही चाकं कोरडी. नळ्या कोरड्या. डबीतली पातळी जराही कमी नाही.

याचा अर्थ मास्टर सिलिंडर आतल्या आत गळत होता. बकेटची कड झिजून ऑइल एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आणि परत डबीत जातं. बाहेर थेंब पडत नाही, त्यामुळे पेपर घालून, पट्टी लावून ही गळती सापडूच शकत नाही. जोरात ब्रेक मारला तर पेडल चांगलं लागतं. सिग्नलला हलका पाय ठेवून उभं राहिलं की मात्र ते बसत जातं. मला आठवलं, दसरा चौकातल्या सिग्नलला मी अधूनमधून पेडल दोनदा दाबायची. गळती दोन ठिकाणी होती, आणि मागच्या चाकाचा ओघळ इतका ढळढळीत होता की त्यानं दुसरीला झाकून टाकलं होतं. मेस्त्रींनी गळका सिलिंडर सापडल्यावर समाधान मानलं असतं तर ही तशीच राहिली असती.

नवा मास्टर दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीतून आला. जुना काढल्यावर मेस्त्रींनी बूस्टरच्या तोंडात स्वच्छ फडकं फिरवून बघितलं. मागच्या सीलमधून गळणारं ऑइल कधीकधी बूस्टर आत ओढून घेतो, तेव्हा ते बाहेर दिसत नाही, आणि आतला रबरी पडदा खराब होतो. फडकं कोरडं निघालं, बूस्टर वाचला. नवा मास्टर गाडीत बसवण्याआधी व्हाइसमध्ये धरून, त्यात ऑइल भरून, छोट्या नळ्या परत डबीत सोडून, दांड्यानं हळूहळू दाबत बुडबुडे थांबेपर्यंत त्याची हवा काढली. हे टेबलावरचं काम टाळलं की नंतर चाकांतून कितीही ऑइल सोडा, मास्टरमधली हवा जिथल्या तिथं राहते. मग पुन्हा मी पेडलवर, पुन्हा “दाबा, धरा, सोडा”.

शेवटची तपासणी त्यांनी मला करायला लावली आणि ती कुणालाही जमण्यासारखी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, म्हणजे बूस्टरमधली ओढ संपते आणि पेडल ताठ होतं. तसंच दाबून मिनिटभर धरायचं. खाली जाता कामा नये. पाय न उचलता इंजिन सुरू करायचं. आता पेडल थोडं खाली सरकलं पाहिजे, म्हणजे बूस्टर चालू आहे. मग गाडी मोकळ्या जागेत, माणूस चालेल एवढ्या वेगानं नेऊन थांबवायची, मग जरा जास्त वेगानं, हात स्टिअरिंगवर सैल ठेवून. गाडी सरळ थांबली. हँडब्रेकच्या खाचाही आधीपेक्षा कमी झाल्या होत्या. सांडलेलं ऑइल बॉनेटच्या कडेवरून लगेच पाण्यानं धुऊन टाकलं, कारण तासाभरात तिथला रंग मऊ पडतो.

सगळं मिळून सहा हजारांच्या आत बसलं. त्यातला बराचसा भाग मास्टरचा.

ऑइलबद्दल एक गोष्ट मला लिहायचीच आहे. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं, तेच घालावं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा डॉट ३ ला १४० आणि डॉट ४ ला १५५ अंशांपर्यंत खाली येते. करूळचा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर पॅड आणि डिस्क याहून किती तरी जास्त तापतात. ती उष्णता पिस्टनमागच्या ऑइलपर्यंत पोचली आणि ते उकळलं, की नळीत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं, कुठंही गळती नसताना. गगनबावडा-राधानगरीकडच्या आपल्या हवेत हे पाणी मुरायला वेळ लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायचं, आणि घाटात गिअर खाली टाकून उतरायचं. फोडून ठेवलेली अर्धी बाटली सहा महिन्यांनी वापरायची नाही. मेस्त्री छोट्या सीलबंद बाटल्याच आणतात, ते त्यामुळंच. काढलेलं जुनं ऑइल गटारात न ओतता त्यांनी वेगळ्या कॅनमध्ये ठेवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, ज्या सरांनी नंबर दिला होता त्यांच्याच गाडीचा लाल दिवा वळणावर लागायला लागला. त्यांनी घाईनं ऑइलची बाटली आणली होती, मी ती फोडू दिली नाही. शाळेच्या पटांगणात चारही चाकांच्या आत हात घातला, नळ्यांना टिश्यू लावला, मिनिटभर पेडल धरलं. सगळं कोरडं, पेडल ताठ. शनिवारी मेस्त्रींकडं चाकं काढली तर पुढचे पॅड पत्र्याला टेकायला आले होते. नवे पॅड बसवताना कॅलिपरचे, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्याचे, पिस्टन आत दाबले तसं ऑइल परत डबीत आलं आणि पातळी थेट वरच्या रेघेशी जाऊन थांबली. वरून एक थेंबही घालावा लागला नाही. आधीच भरून ठेवलं असतं तर ते झाकणातून उतू जाऊन बॉनेटखालच्या रंगावर पडलं असतं.